सालबाई : तह मे महिन्यात, मंजुरी फेब्रुवारीत

(दृश्य : ग्वाल्हेर, लष्कर भागातले जुने वाडे)

लष्करातल्या मराठी घरांत महादजी शिंद्यांच्या गोष्टी निघतात, त्या लढायांच्या. पानिपतात जायबंदी झालेला पाय, वडगावला कोंडलेली इंग्रजी फौज. पण पाटीलबावांनी, म्हणजे महादजींनी, सगळ्यात अवघड काम केलं ते बोलणी करून, आणि तेही इथून जवळच, सालबाई गावी.

पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉफमच्या तुकडीनं रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. पुढच्या वर्षी माळव्यातही इंग्रजांनी महादजींना रेटलं. पण तिकडे म्हैसूरचा हैदरअली अर्काटच्या नवाबाच्या मुलखात, तेव्हाच्या ‘कर्नाटका’त, घुसला होता, ईस्ट इंडिया कंपनीची पैशाची ओढाताण चालू होती. इंग्रजांना तह हवा होता, आणि तो लवकर हवा होता. महादजींनी हे हेरलं. ऑक्टोबर १७८१ मध्ये आधी आपल्यापुरती लढाई मिटवली, मग पेशवे आणि कंपनी यांच्यात मध्यस्थ झाले.

१७ मे १७८२ रोजी कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन याच्याशी तह ठरला. कलमं सतरा. १७७६ च्या पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख, वसईसुद्धा, इंग्रजांनी परत करायचा. राघोबादादांची पाठराखण सोडायची. मुंबईलगतची साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, आणि ते शल्य मोठं होतं. तह पाळला जाईल याला जामीन महादजी, तेही दोन्ही बाजूंचे. कालपर्यंत कंपनीशी लढणारा सरदार तिचाच जामीन झाला! सालबाईची खरी कमाई मला हीच वाटते.

पुण्यात नाना फडणीस मंजुरी देईनात. याला नाना-महादजींची चुरस म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. चुरस होतीच. पण हैदर लढत होता तोवर इंग्रज पेचात होते, आणि न झालेल्या मंजुरीला मोल होतं. एकानं तह जुळवला, दुसऱ्यानं तो ताणून धरला, मुत्सद्देगिरी दोघांचीही. तहाच्या कलमांत यातलं काही सापडत नाही. ते शोधायचं तर पत्रं वाचावी लागतात. रियासतकार सरदेसायांनी महादजींची कागदपत्रं संपादित केली, ग्वाल्हेर दरबारनं ती १९३७ साली छापली.

७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला. फेब्रुवारी १७८३ मध्ये नानांनी मंजुरी दिली. हैदर १७८० पासून इंग्रजांविरुद्ध पुण्याचा दोस्त होता. त्याचा मुलगा टिपू मार्च १७८४ च्या मंगळूरच्या तहापर्यंत मराठ्यांशिवाय लढला. सालबाईचं यश सांगताना हेही सांगायलाच हवं.