वारा कमी येतो की गारवा?

नमस्कार श्रोतेहो. एप्रिल लागला की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात सकाळपासून एकच मागणी सुरू होते, "दादा, एसी चालत नाहीये, जरा गॅस भरून द्या." गॅस भरायला माझी ना नाही. पण आधी मी विचारतो, वारा कमी येतोय की गारवा कमी आहे? बहुतेकांनी असा विचारच केलेला नसतो. म्हणून आज यावरच बोलणार आहे, कारण उत्तर चुकलं की हजारो रुपये भलत्याच ठिकाणी जातात.

गॅसचं काम हवा गार करणं. ती हवा तुमच्या तोंडापर्यंत आणून सोडतो ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला पंखा. म्हणजे वारा जोरात येतोय पण कोमट आहे, तर गॅस, तो दाबून फिरवणारा कंप्रेसर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बघायचे. वारा गार आहे पण फुंकर मारल्यासारखा येतोय, तर आधी हवेची वाट तपासायची. शिवाय गाडीतला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार.

गेल्या महिन्यात कासारवडवलीहून एक ताई आल्या. सात वर्षांची छोटी गाडी. दुसरीकडे दोनदा गॅस भरून झाला होता, तरी मागे बसलेल्या मुलांना हवा लागत नव्हती. मी डाव्या सीटसमोरचा कप्पा रिकामा केला, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला, मागचं लांबट झाकण काढलं आणि एसीचा फिल्टर ओढला. पांढऱ्या घड्यांचा कागद तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. घड्यांमध्ये सोनमोहराच्या सुकलेल्या पाकळ्या, रेन ट्रीची बारीक पानं, आणि घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची इतकी वर्षं उडालेली सिमेंटची धूळ. टेबलावर नुसता आपटला तर चहाच्या बशीभर माती पडली. ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरं इतकी वर्षं यातूनच श्वास घेत होती?" फिल्टर बदलला, टिश्यू पेपरचा तुकडा जाळीसमोर धरला, ब्लोअर चारवर टाकला. तुकडा हातातून सुटला तो थेट मागच्या सीटवर.

हा फिल्टर साधारण दहा ते पंधरा हजार किलोमीटरला बदलायचा असतो. घोडबंदर किंवा तुर्भे, महापेकडे रोजचं येणं-जाणं असेल तर माझं ऐका, त्याच्याही आधी उघडून बघा. काही स्वस्त मॉडेलांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो. तिथे सगळी माती सरळ कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीदार भागावर, जाऊन बसते, आणि ती साफ करायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

फिल्टर तुंबला की त्रास तिथेच थांबत नाही, हे मला कळकळीने सांगायचंय. ब्लोअर एक, दोन, तीनवर बंद आणि फक्त चारवर चालतो, असं झालं तर बहुधा रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग, गेलेला असतो. हा छोटा भाग मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायला तोच वारा लागतो. वारा आटला की तो तापतो आणि जळतो. अशा वेळी अख्खा ब्लोअर बदलायला सांगितलं तर आधी रेझिस्टर तपासायला लावा.

दुसरी गोष्ट बर्फाची. ठाण्याहून नाशिकला निघालात, शहापूरपर्यंत झकास हवा, कसारा येईतो वारा कमी कमी होत जवळपास बंद. चहाला थांबलात, परत बसलात, तर सगळं सुरळीत. हे कॉइलवर बर्फ जमल्याचं लक्षण. आपली हवा दमट, त्यात कॉइलवरून वारा कमी गेला की तिच्यावरचं पाणी गोठतं आणि पत्र्यांमधल्या फटी बंद होतात. गॅस कमी असला किंवा कॉइलचा सेन्सर बिघडला तरी हेच होतं. रस्त्यात असं झालं तर एसीचं बटण बंद करा, ब्लोअर जोरात चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली पाणी ठिबकेल आणि वारा परत येईल. घरी पोचल्यावर मात्र कारण शोधून घ्या.

ब्लोअरचा आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज बघायचा. कधी चालतो, कधी नाही, आणि मोटरवर हलकेच टकटक केल्यावर सुरू होतो, तर मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे झिजलेत. आवाज मोठा पण हवा पायाशी किंवा काचेवरच जाते, तर आतली झडप अडकलीय.

आणि उंदीर! सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की तो पुढच्या काचेखालच्या, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून आत शिरतो. ब्लोअरच्या पंख्यात मी बोनेटच्या अस्तराचा फोम, शेंगांची टरफलं, एकदा तर लोकरीचा मोजाही पाहिलाय. खडखड आणि कुबट वास एकत्र आले तर ब्लोअर चालवू नका, उघडून घ्या. उपवनसारख्या ठिकाणी झाडाखाली गाडी लावत असाल तर त्या जाळीतली पानं दर रविवारी हातानं काढा.

फिल्टर घरी बदलणार असाल तर कडेवरचा बाण बघा. वारा ज्या दिशेनं वाहतो तिकडेच तो हवा. कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका, तो फुगतो आणि मग वारा आणखी अडतो. बसवण्याआधी त्याच्या कडेवर मार्करनं तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी कप्पा उघडणाऱ्याला, मग तो मी असेन किंवा दुसरा कुणी, ते लगेच दिसेल.