पोहून आल्यावर दहाव्या दिवशी ताप? आधी पोहल्याचं सांगा

नमस्कार मंडळी.

पावसाळ्यात नदीत नाहीतर शेततळ्यात मनसोक्त डुंबून आलात. आठ-दहा दिवस काही नाही. मग एकदम हुडहुडी भरून ताप येतो, डोकं ठणकतं, आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देववत नाही. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. तोवर पोहल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं! लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा ताप, निसटतो तो इथेच.

२००० साली बोर्निओतल्या साबाहमध्ये साहसी शर्यत झाली. सेगामा नदीत पोहलेले खेळाडू आपापल्या देशी परतले आणि तिथे लेप्टोच्या तापाने फणफणले. चौकशीसाठी ज्यांच्याशी संपर्क झाला त्या १८९ जणांपैकी ८० आजारी, २९ जण इस्पितळात. धडधाकट माणसं होती सगळी.

लेप्टोचा जंतू उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून पाण्यात येतो. खरचटलेल्या, पाण्याने भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्यां-नाकातून आत शिरतो. घोट्याएवढ्या पाण्यातून चालणाऱ्यापेक्षा पोहणाऱ्याला धोका जास्त, त्याचं तर तोंडच पाण्यात असतं.

[स्क्रीनवर: २ ते ३० दिवस]

लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांत दिसतात, क्वचित ३०. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच: "अमक्या तारखेला, अमक्या ठिकाणी पोहलो होतो." नाहीतर पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की डेंग्यूचाच संशय येणार.

आता तपासणीतली गोम. आयजीएम चाचणी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रतिपिंडं रक्तात शोधणारी) पहिल्या ४-५ दिवसांत बहुधा निगेटिव्हच येते, कारण प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर (थेट जंतूचा अंश शोधणारी चाचणी) जास्त उपयोगाची. संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

सौम्य आजारात मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. घशाखाली अडकली तर अन्ननलिका भाजते. पहिल्या डोसनंतर काही तासांत काहींना पुन्हा हुडहुडी भरते. जंतू मरताना होणारी ती प्रतिक्रिया असू शकते. मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पॅरासिटामॉल चालेल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन-तीन दिवसांनी तो उलटू शकतो. डोळे पिवळे, लघवी कमी, धाप, थुंकीत रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र न काढता अतिदक्षता विभाग असलेलं इस्पितळ गाठा. तिथे शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन देतात. डायलिसिसचं नाव काढलं की घरचे हबकतात, पण लेप्टोत ते बहुतेकदा काही दिवसांपुरतंच लागतं. वाचलेल्यांची मूत्रपिंडं सहसा पुन्हा कामाला लागतात. फुफ्फुसात रक्तस्राव झाला, तर मात्र हातात तासच असतात.