एका खोक्यात दोन आवाज

मंडळी, समोरच्या या खोक्याची, म्हणजे गिटारच्या स्पीकर कॅबिनेटची, पुढची जाळी मी मुद्दाम काढून आणली आहे. आत बारा इंची चार स्पीकर आहेत. पुढून चारही जवळपास सारखे दिसतात. आता मागची फळी काढतो. दोघांच्या मॅग्नेटवर हिरवी प्लास्टिकची टोपी आहे, दोघांवर नाही. हिरवे दोन एकाच बाजूला नाहीत, तिरपे बसवले आहेत, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. हे असं का, आणि रेकॉर्डिंगला त्याचा काय उपयोग, याबद्दल आज बोलायचं आहे.

गाणी ऐकायच्या स्पीकरकडून आपली अपेक्षा असते की जे आत गेलं तेच बाहेर यावं. गिटारच्या स्पीकरचं काम याच्या उलट आहे. त्याने कापायचं असतं, रंग चढवायचा असतो. साधारण ५००० हर्ट्झच्या वर तो झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेली गिटार स्पीकरशिवाय थेट मिक्सरमध्ये घेऊन बघा, कानाशी गांधीलमाश्या घोंगावतात. ती गुणगुण कापणारा कागदाचा कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा शंकू, हा वाद्याचाच भाग आहे. म्हणून स्पीकर बदलणं हे माझ्या लेखी तारा बदलण्याहून मोठं काम आहे.

हे दोन्ही जातींचे स्पीकर इंग्लंडच्या सेलेस्टियन कंपनीचे. व्हॉक्सच्या एसी३० या अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, त्यांचे निळे स्पीकर असत. अल्निको या मिश्रधातूचं मॅग्नेट, प्रत्येकी १५ वॅट, दोन मिळून ३०. पुढे १९६०च्या दशकात अ‍ॅम्प मोठे झाले, सिरॅमिक मॅग्नेट आले, आणि हा हिरव्या टोपीचा ग्रीनबॅक आला. हा २५ वॅटचा. मार्शलच्या कॅबिनेटमध्ये चार लावले की १०० वॅट झाले. दुसरा आहे व्हिंटेज ३०, तो १९८०च्या दशकातला. नावातल्या ३०वरून अनेक जण फसतात, तो ६० वॅटचा आहे.

ग्रीनबॅकचा आवाज लाकडासारखा. जोर लावला की त्याचा कोन लवकर दमतो, आणि त्या दमण्यातच त्याची गोडी आहे. तीव्र स्वरांच्या कडा घासून गुळगुळीत होतात. व्हिंटेज ३० मधल्या पट्टीच्या वरच्या भागात पुढे सरसावतो. ड्रम आणि बेसच्या गर्दीतूनही तो ऐकू येतो, पण एकटा ऐकला तर कधीकधी कानात टोचतो. एकाकडे ऊब, दुसऱ्याकडे धार. तबलजी दायाँ आणि डग्गा एका स्वरात लावत नाही, तसंच हे.

आता वायरिंग, थोडक्यात. चारही स्पीकर १६ ओहमचे घ्या, ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. दोन-दोन सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले की ३२ होतात, त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी समांतर केल्या की परत १६. कॅबिनेटमध्ये ८ आणि १६ची सरमिसळ करू नका. पॅरललमध्ये ८वाल्याला दुप्पट पॉवर जाते, सीरिजमध्ये १६वाल्याला, आणि तुमचा अंदाज चुकतो. वॅट मोजताना सर्वांत अशक्त गडी धरायचा. दोन २५चे आणि दोन ६०चे यांची बेरीज १७० होते, पण सगळ्यांना सारखीच पॉवर मिळते, म्हणून हे खोकं १०० वॅटचंच. शिवाय व्हिंटेज ३० तेवढ्याच पॉवरला सुमारे २ डेसिबल मोठा वाजतो. खोलीत उभं राहून ऐकलं तर तोच वरचढ वाटणार.

इथे माझा एक दिवस वाया गेला होता तो सांगतो. कोन बदलायला दिलेला एक स्पीकर दुरुस्त होऊन परत आला. धन टोक दाखवणारी लाल खूण उलट्या टर्मिनलवर होती. मी खुणेवर विश्वास ठेवून सोल्डर केलं. आवाज येत होता, पण खर्ज गायब. अ‍ॅम्पच्या ट्यूब बदलल्या, केबल बदलल्या, गिटार बदलली. संध्याकाळी दीड व्होल्टचा सेल हातात घेतला आणि प्रत्येक स्पीकरला क्षणभर लावला. तिघांचे कोन बाहेर आले, एकाचा आत गेला, म्हणजे तो बाकीच्यांच्या उलट हलून खर्ज खात होता. तेव्हापासून खूण काहीही म्हणो, मी सेल लावल्याशिवाय खोकं बंद करत नाही. काही जुने जेबीएल स्पीकर तर मुळातच उलटे आहेत, लाल टर्मिनलला धन जोडलं की कोन आत जातो. ते जोडीला घेणार असाल तर हे आधी तपासा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्टेजवर चारही स्पीकरचा आवाज हवेत मिसळतो. तिरपी मांडणी त्यासाठीच, म्हणजे समोर कुठेही उभं राहिलात तरी दोन्ही जाती कानावर येतात. पण रेकॉर्डिंगला एसएम५७ माइक कोनापासून दोन बोटांवर ठेवला, की त्याला प्रामुख्याने तो एकच स्पीकर ऐकू येतो. शेजारी फूटभर लांब असतो, त्याची नुसती चाहूल लागते. ‘मी मिक्स कॅबिनेट घेतलं, पण रेकॉर्डिंगमध्ये फरकच नाही’ अशी तक्रार माझ्याकडे घेऊन येणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न विचारतो, माइक किती होते? बहुतेक वेळा एकच असतो. हवेत झालेलं मिश्रण त्या माइकपर्यंत पोचलेलंच नसतं. रेकॉर्डिंगमधलं मिश्रण फेडरवर, म्हणजे मिक्सरच्या आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर होतं. खोकं आपल्याला एवढंच देतं की एकच बोट, एकच अ‍ॅम्प, एकच क्षण, आणि त्याचे दोन वेगळे साक्षीदार. माझ्या दृष्टीने हे फार मोठं देणं आहे.

म्हणून दोन माइक लावा, प्रत्येक जातीला एक. आणि अंतर जिवापाड सांभाळा. एक माइक दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर मागे राहिला, की आवाज एक दशांश मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की ५००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथला आवाज कापला जातो. सात सेंटिमीटर झाले तर खड्डा २५०० वर येतो, म्हणजे प्लेक्ट्रमचा, तार छेडायच्या पट्टीचा, टणत्कार जिथे राहतो नेमका तिथे. फुटपट्टीने सुरुवात करा, पण शेवट कानाने करा. एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे धन-ऋण अदलाबदल करा, दोन्ही फेडर सारखे ठेवा, आणि मित्राला एक माइक सूतसूत हलवायला सांगा. आवाज जिथे सर्वांत पातळ, रडका होतो तिथे थांबा. मग पोलॅरिटी सरळ करा. त्याच जागी तो सर्वांत भरलेला मिळतो. कॉम्प्युटरवर लहर सरकवूनही हे जमतं, पण माइक हलवताना आवाजाचा पोतही बदलतो आणि तो निर्णय वाजवणाऱ्याच्या समोर व्हावा असं मला मनापासून वाटतं.

एक विनंती. हे दोन ट्रॅक डावीकडे आणि उजवीकडे लांब फेकून त्याला दोन गिटार म्हणू नका. ते एकच वाजवणं आहे. दोन गिटार हव्या असतील तर दोनदा वाजवा. तेव्हा मात्र पहिल्या वेळी ग्रीनबॅक जास्त आणि दुसऱ्या वेळी व्हिंटेज ३० जास्त ठेवलं, तर दोन माणसं समोरासमोर बसल्यासारखं वाटतं.

चला, आता ऐकू या. पुढच्या रांगेतल्या दादाने गिटार आणली आहे. खालच्या दोन तारांवर एकच तुकडा वाजव, न बदलता. आधी फक्त हिरवा स्पीकर ऐकवतो. दुसरा फेडर मी हळूहळू वर नेईन. जिथे तुम्हाला वाटेल की आता पुरे, तिथे हात वर करा.