सगळ्यांच्या वाट्याचं हसू

(दृश्य : सकाळचा रीगल चौराहा. पोह्यांच्या कढईतून वाफ, वर भुरभुरलेली शेव, बाजूला जिलबीचा घाणा.)

इंदूरमध्ये पत्ता विचारलात तर आजही उत्तरात टॉकीज येते. रीगलला उतरा. मधुमिलनवरून वळा. सपना-संगीता रोडला लागा. सांगणारा पोरगा विशीतला असतो. त्या टॉकीजच्या खुर्चीत तो कधी बसलेलाही नसतो, पण चौकाला दुसरं नाव त्याला सुचत नाही.

या गावात मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. होळकरांबरोबर आलेली, मागाहून नोकरीसाठी आलेली. रामबाग, नारायणबाग, पुढे राजेंद्रनगर. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि मित्र भेटला की ‘अरे भिया’.

(दृश्य : जुना वाडा. चौक, दोरीवर वाळणारे कपडे, ओटीवरची रिकामी खुर्ची.)

आमच्या वाड्यात ऐंशीच्या दशकात एकच टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा आणि त्याच्यासमोर पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसायची. मारामारी सुरू झाली की आजी उठून देवघरात जायची. रडारड सुरू झाली की काका अंगणात फेऱ्या घालायचे. नायक-नायिका बागेत शिरले की आम्हा मुलांना पाणी आणायला पिटाळलं जायचं. शेवटपर्यंत कुणीच जागचं हललं नाही, असे सिनेमे फार थोडे. त्यातला एक ‘चुपके चुपके’.

१९७५ सालचा, हृषीकेश मुखर्जींचा. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आपल्या बायकोच्या भावोजींची फिरकी घ्यायची म्हणून त्यांच्याच घरी ड्रायव्हर होऊन जातात आणि अस्सल संस्कृतप्रचुर हिंदी बोलून त्यांना जेरीस आणतात. मग त्या प्राध्यापकांच्या जागी त्यांचा मित्र उभा राहतो. हा शिकवतो इंग्रजी साहित्य आणि गळ्यात येऊन पडतं वनस्पतिशास्त्र.

आमच्या घरात प्रत्येकानं यातलं आपापलं माणूस वाटून घेतलं होतं. काका शाळेत भाषा शिकवायचे, ते धर्मेंद्रच्या त्या शुद्ध हिंदीवर खूश. बाबांना भावोजी झालेले ओम प्रकाश हवेत. बाबांचाही आपल्या अचूकपणावर फार विश्वास होता. आजी मराठी उषा किरणची वाट बघत बसायची. ती दिसली की म्हणायची, ‘ही आपली हो!’ आम्हा मुलांना अमिताभचा वनस्पतिशास्त्रात गडबडणारा मास्तर आवडायचा. सिनेमा एकच, पण खोलीतलं हसू वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उठायचं.

भाषेची ती गंमत आम्हाला जरा जास्तच लागायची, असं मला आता वाटतं. पुण्याहून पाहुणे आले की आमच्या मराठीतली हिंदी वेचून दाखवत आणि बाजारात गेलं की आमच्या हिंदीतलं मराठी उघडं पडे. दोन भाषांमध्ये राहणाऱ्या माणसाला शब्दाचं वजन पटकन कळतं. साध्या गोष्टीसाठी भलताच भारदस्त शब्द आला की आमचं घर हसून कोसळायचं.

(दृश्य : नाट्यगृह. रंगीत तालीम चाललेली. दार उघडतं, पात्र आत येतं, थबकतं.)

अशा सिनेमाला लोक हलकाफुलका म्हणतात. बघायला तो हलका असतो, बांधायला फार अवघड. दहा नट एका दिवाणखान्यात उभे करता येतात. त्या दहाही जणांना वेगवेगळी गोष्ट ठाऊक असणं, हे खरं काम. नवऱ्याला एक माहीत, मेव्हणीला दुसरं, घराच्या मालकाला काहीच नाही. सगळं काही माहीत असलेला एकटा प्रेक्षक. त्या गुपितात त्याला सामील करून घेतलेलं असतं, म्हणून तो खुर्चीत पुढे सरकून बसतो. पडद्यावरच्या एखाद्याला आता खाली मान घालावी लागणार, हे त्याला आधी कळतं आणि तो त्या क्षणाची वाट पाहत राहतो.

आणि हशा बोलणाऱ्याच्या वाक्यावर येतो, हा एक गैरसमज. तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो. म्हणून असे प्रसंग चार-पाच माणसं एका चौकटीत ठेवून घेतात. आमच्याकडे ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना जाणारे लोक हे बरोबर ओळखतात. एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं थांबायचं, तिसऱ्यानं चहाचा कप खाली ठेवायचा. कप ठेवला की टाळी. या थांबण्यात नटाचा मोठेपणा असतो. आपल्या वाट्याचं हसू दुसऱ्याच्या हाती द्यायला मन मोठं लागतं. त्याच १९७५ साली धर्मेंद्र आणि अमिताभ ‘शोले’मध्येही होते, ज्याच्या लेखकजोडीतले सलीम खान आमच्या इंदूरचे. तिथे या दोघांच्या हाती बंदुका. इथे ओम प्रकाशच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांना हसू यावं म्हणून दोघं बाजूला सरकतात. मला हे दुसरं काम थोडं अधिक भावतं.

(दृश्य : ख्रिश्चन कॉलेजचं आवार. झाडांखाली उभी मुलं.)

किशोर कुमार खंडव्याचे. शिकायला ते या कॉलेजात होते. इथल्या कँटीनची त्यांची उधारी पाच रुपये बारा आणे झाली होती आणि तोच आकडा पुढे गाण्यात गेला, असं इंदूरचे लोक कौतुकानं सांगतात. ते गाणं १९५८ सालच्या ‘चलती का नाम गाडी’तलं. किशोर कुमारांच्या गांगुली घराण्यातले तिन्ही भाऊ पडद्यावरही भाऊच, आणि तिघांचं गॅरेज. थोरल्याला बायकांचा तिटकारा, म्हणून धाकट्यांची लपवाछपवी. पुन्हा तेच, ज्याला त्याला निराळं ठाऊक.

जॉनी वॉकरही मूळ इंदूरचे. मुंबईत बसची तिकिटं फाडता फाडता सिनेमात गेले.

(दृश्य : रात्रीचा सराफा. गर्दी, भुट्ट्याचा कीस, गराडूचे कंद तळणारे हात.)

मग २००० साली ‘हेरा फेरी’ आला आणि बाबूराव गणपतराव आपटे घराघरात शिरले. धोतर, जाड भिंगांचा चष्मा, पैशांची सततची तंगी. बाबूराव झालेले परेश रावल गुजराती, दिग्दर्शक प्रियदर्शन केरळचे, मूळ कथा १९८९ च्या मल्याळम सिनेमाची, तरीही आपटे आमच्या आळीतले वाटले. डिरेक्टरीत दोन फोन नंबरांची अदलाबदल होते आणि खंडणीचा फोन भलत्याच दारी वाजतो. तिन्ही माणसं कडकीत आहेत. हसता हसता त्यांच्या भाड्याची काळजी आपल्यालाही लागते. ही काळजी नसती, तर तो सिनेमा दुसऱ्यांदा कुणी पाहिला नसता.

नुसते तारे गोळा करून बांधलेले सिनेमे मी बरेच पाहिले. आठ-दहा मोठी नावं, परदेशातला बंगला, धावपळ. कुणालाच काही लपवायचं नसतं, कुणाचंच काही हरवायचं नसतं. ते डोक्यात राहत नाहीत.

(दृश्य : राजेंद्रनगरमधला फ्लॅट. दिवाळी. ताटात चकल्या, कडबोळी. भिंतीवर मोठा टीव्ही.)

यंदा दिवाळीला घरची सगळी जमली. भाचीनं फोनवरून ‘चुपके चुपके’ टीव्हीवर लावला. जावई तमिळ, त्याला त्या भारी हिंदीतलं अर्धं कळत नव्हतं, तो आमच्याकडे बघून हसत होता. भाची त्याच्या कानाशी अर्थ सांगत होती, तो त्या अर्थावर पुन्हा हसत होता. आजी गेली, काका गेले. उषा किरण पडद्यावर आली तेव्हा बहीण हळूच म्हणाली, ‘ही आपली हो!’

आई पुढच्या खुर्चीत आहे. तिला आता कमी ऐकू येतं. ड्रायव्हर पहिल्यांदा भावोजींसमोर उभा राहिलाय, अजून तोंड उघडलेलं नाही. आईनं पदर तोंडाला लावलाय आणि तिचे खांदे हलायला लागलेत.