घंटा, ऊन आणि सुकेळी

श्रोतेहो, नमस्कार. वसई तालुक्यातील नंदाखालचे पवित्र आत्मा चर्च 1573 सालचे; त्याच्या घंटेवर आमच्या वाड्यांचा दिवस चालत असे. पहाटेच्या घंटेला बावखलावरचा, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरचा, रहाट सुरू होई, दुपारच्या घंटेला बैल सुटत आणि सांजेच्या घंटेला उन्हातली सुकेळी घरात येई.

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेले पिकले राजेळी केळे. केळे राजेळीच हवे आणि ऊन कडकच हवे. पुन्हा सांगतो, राजेळी केळे आणि कडक ऊन. बाकीची कृती आपल्या घरच्या वाळवणासारखीच.

मी आठ वर्षांचा असताना मचाणावर पसरलेल्या केळ्यांची राखण माझ्याकडे होती. दुपारी बाराची घंटा झाली की सारे गाव आहे तिथे थांबून देवदूताची प्रार्थना म्हणे. मीही काठी खाली ठेवून, हात जोडून, डोळे मिटून उभा राही आणि डोळे उघडावेत तो दोन-तीन केळी चोचींनी फोडलेली असत. तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की सकाळभर न फिरकणारे कावळे बाराच्या सुमारास समोरच्या माडावर येऊन बसतात आणि पहिला टोल पडताच खाली उतरतात. लाल लुगड्याचा काष्टा आवळत आजी म्हणाली, “त्यांनाही घंटा कळते. उद्यापासून काठी हातात धरून, डोळे उघडे ठेवून नमो मरिया म्हण.”

उपाय लागू पडला, पण सवय जडली. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सारे माना खाली घालून असताना मी टक्क डोळ्यांनी छताकडे पाहत राहिलो, तेव्हा फादरांनी बाहेर आल्यावर आजीला विचारले, “याला झाले आहे तरी काय?”

आजी शांतपणे म्हणाली, “फादर, पावसाळा लागेपर्यंत सांभाळून घ्या. सुकेळी आवरली की मिटेल तो डोळे.”