राल्फने गाडी का मोडली?

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी डोक्यावर घेतलेला चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहू नये, आठवणीतला गोडवा जातो, असे मानणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही, आणि त्याचे कारण म्हणजे २०१२ साली डिस्नेने काढलेला, रिच मूर यांनी दिग्दर्शित केलेला ‘रेक-इट राल्फ’ हा ॲनिमेशनपट.

कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. व्हिडिओ गेम पार्लर बंद झाले, की यंत्रांतली पात्रे आपापल्या खेळातून बाहेर पडतात आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या पोटातल्या स्थानकावर एकमेकांना भेटतात. त्यांतला राल्फ तीस वर्षे एक इमारत फोडण्याचे काम करतो, फिलिक्स ती हातोडीने दुरुस्त करून पदक मिळवतो आणि रहिवासी राल्फला गच्चीवरून चिखलात फेकतात. आपल्यालाही पदक हवे, म्हणून राल्फ दुसऱ्या खेळात घुसतो आणि तेथून ‘शुगर रश’ नावाच्या शर्यतीच्या खेळात जाऊन आदळतो. तेथे त्याला व्हेनलोपी भेटते. ती ग्लिच आहे, म्हणजे तिची आकृती मधूनच थरथरते आणि तुटते. आणि ग्लिचला स्वतःच्या खेळाबाहेर पडता येत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिला बाहेर पडता येत नाही.

माझे लहानपणीचे मत अगदी सरळ होते. राल्फ बिचारा निखालस भला, आणि शुगर रशचा राजा किंग कँडी पक्का खोटारडा. हे मत कसे बनले, ती हकिकत मला फार आवडते, त्यामुळे ती जरा सविस्तर सांगतो.

आमच्या घरी या चित्रपटाची डीव्हीडी होती आणि रिमोट कायम माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात असे. राल्फ आणि व्हेनलोपी मिळून गाडी तयार करतात, ती चालवायला शिकतात, आणि मग व्हेनलोपी काहीतरी विसरले म्हणून मागे पळते. ती तशी पळाली, की बहीण न चुकता बटण दाबायची. पडद्यावरची माणसे आवाजाविना भराभरा पळायची, आणि चित्र पुन्हा नीट चालू व्हायचे तेव्हा राल्फ स्वतःच्या खेळात परतलेला असायचा, गळ्यात पदक घालून. मधल्या काळात काय झाले, हे मी कधी विचारले नाही. पदक सापडले असेल आणि तो घरी आला असेल, एवढे मला पुरेसे होते. पुढे तुरुंगात तो व्हेनलोपीची माफी मागतो, तेही मला नुसते सौजन्य वाटत असे.

शाळेतला एक मित्र एकदा म्हणाला, “पण गाडी तर राल्फनेच मोडली!” मी ते साफ नाकारले. गाडी राजाच्या शिपायांनी मोडली, असे मी इतक्या ठामपणे सांगितले आणि शिपाई कोणत्या बाजूने आले, कोण पुढे होता, याचे असे बारीक वर्णन केले, की शेवटी त्या मुलालाच शंका यायला लागली. तो दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “शिपाईच असतील.”

मोठेपणी मी तो चित्रपट एकट्याने पाहिला. (आता रिमोटवर दहा सेकंद पुढे नेणारे वेगळे बटण असते, माझ्या मते ज्या कोणी ते शोधले, त्याने कथा सांगणाऱ्यांचे फार नुकसान केले आहे.) व्हेनलोपी परत येते ती राल्फसाठी स्वतः केलेले बिस्किटाचे पदक घेऊन, आणि त्यावर ‘तू माझा हिरो आहेस’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असतात. थोड्याच वेळात राल्फ तिला तिच्या अंगातल्या कपड्याने झाडाच्या फांदीला लटकावतो आणि तिच्या डोळ्यांदेखत गाडीचा चुरा करतो. ती ओरडते, रडते, तरी तो थांबत नाही.

मी बहिणीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “दादा, मला माहीत होतं. म्हणून तर मी पुढे पळवायचे.”

आता खरा मुद्दा. राल्फ गाडी मोडतो, कारण त्याआधी किंग कँडीने त्याला एक युक्तिवाद ऐकवलेला असतो. व्हेनलोपी जिंकली तर खेळाडू तिला निवडतील. ती थरथरताना दिसली, की यंत्र बिघडले असे समजून मालक प्लग काढेल. इतर पात्रे पळून जातील, पण तिला बाहेर पडता येणार नाही. या साखळीत राल्फला खोटी ठरवता येईल अशी एकही कडी नाही. राल्फ जागेवर नसल्याने त्याच्या खेळाच्या यंत्रावर ‘आउट ऑफ ऑर्डर’चा कागद लागल्याचे आपणही आधीच पाहिलेले असते. किंग कँडी दोनच गोष्टी लपवतो: व्हेनलोपीला ग्लिच त्यानेच बनवले, आणि तो स्वतःच टर्बो आहे, ज्याने हेव्यापोटी दुसऱ्याच्या खेळात घुसून दोन यंत्रे कायमची बंद पाडली. पुन्हा सांगतो, त्याचा खोटेपणा बोललेल्या शब्दांत नाही, गाळलेल्या शब्दांत आहे. लहानपणी मी त्याला खोटारडा म्हणत होतो ते बरोबरच होते, फक्त तो खोटे कसे बोलतो, तो भाग मी पाहिलेला नव्हता.

जीनबद्दलही दोन शब्द. राल्फला तुच्छ लेखणारा हा बुटका रहिवासी मला अजिबात आवडत नसे. पण राल्फ पदक घेऊन परततो, तेव्हा यंत्र बंद होणार म्हणून सगळे घर सोडून गेलेले असतात आणि जीन मागे थांबलेला असतो, तो पदकाच्या बदल्यात कबूल केलेली वरच्या मजल्याच्या घराची किल्ली देण्यासाठी. शब्द पाळण्याचे इतके कडवट दृश्य मुलांच्या चित्रपटात क्वचितच सापडते. दुसऱ्या खेळांतल्या ओळखीच्या पाहुण्यांच्या याद्या करण्यात लोक रमतात आणि जीनला विसरतात, हे मला पटत नाही.

शेवटाविषयी मात्र माझी नाराजी आहे. टर्बो उघडा पडल्यावर त्याचे चक्क राक्षसी किड्यात रूपांतर होते, आणि राक्षसाच्या युक्तिवादाला उत्तर द्यायची कोणालाच गरज उरत नाही. उत्तर चित्रपटात आहे, पण अगदी अखेरीस, राल्फच्या निवेदनात ओझरते: पार्लरमधल्या मुलांना व्हेनलोपी आवडते, ती थरथरून एका जागेवरून दुसरीकडे उडी घेते त्यासकट आवडते. ज्या भीतीपोटी राल्फने गाडी मोडली ती भीतीच निराधार होती, ही एवढी मोठी गोष्ट दिग्दर्शकाने इतक्या घाईत का उरकली, हे मला आजही समजलेले नाही.

नमस्कार.