पतंग नाही, फुलपाखरू आहे ते!

संध्याकाळी दिवे लागले की ट्यूबलाइटला येऊन धडकणारं हे मातकट तपकिरी काहीतरी, बहुतेक घरांत याला पतंग समजून झाडूने हाकलतात. पण हे फुलपाखरू आहे. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन, शास्त्रीय नाव मेलॅनायटिस लेडा, लिनियसने १७५८ मध्येच नोंदवलेलं आणि आफ्रिकेपासून पार ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणारं.

भिंतीवर बसलं की आधी मिशा बघा. टोकाला किंचित जाड होतात ना? पतंगाच्या मिशा सहसा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या असतात. पंख पाठीवर उभे मिटलेत. आणि आता पाय मोजा, चारच भरतील, कारण पुढची जोडी आखूड होऊन छातीशी चिकटलेली असते. निम्फॅलिडी कुळाची ही खूण मला तरी फार आवडते.

खरा घोळ होतो तो ऋतूमुळे. पावसाळ्यातल्या फुलपाखराला पंखांच्या खालच्या बाजूला बारीक आडव्या रेघोट्या आणि मागच्या पंखावर ओळीने सहा डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे गोल ठिपके, कडेने पिवळसर, आत काळे, मधोमध पांढरा टिंब. पाऊस सरला की हेच डोळे जवळजवळ पुसले जातात, पंखाचं टोक जास्त कोनदार होतं, आणि रंगाचं तर विचारूच नका, एक राखाडी, एक तांबूस, एकावर नुसते काळपट डाग, पालापाचोळ्यात बसलं की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. अळी भाताच्या नाहीतर गवताच्या पानांवर वाढते, हिरवीगार, डोक्यावर दोन शिंगं, आणि त्या दिवसांत हवा गरम होती की थंड यावर पुढचं रूप बरंचसं ठरतं.

म्हणून खालच्या बाजूचा एकच फोटो पुस्तकाशी जुळवत बसू नका प्लीज. पंखाची वरची बाजू हवी, आणि बसल्यावर हे पंख सहसा उघडतच नाही! मग पिकून पडलेला आंबा, फणस, केळं असेल तिथे अंधार पडायच्या आधी कॅमेरा लावा, रस प्यायला येतं ते.

हे बघा, पंख उघडतानाचा व्हिडिओ, आता स्लो मोशनमध्ये. पुढच्या पंखाच्या टोकाजवळ लागून लागून दोन काळे डाग, प्रत्येकात एक पांढरा ठिपका, आणि आतल्या बाजूने तांबूस नारिंगी कड. पावसाळा असो की उन्हाळा, ही खूण असतेच.